झेनच्या बॉनेटखालचे डाग: प्रकल्प नोंदी

12 जानेवारी 2025, रविवार

दाजींची 2003 सालची सिल्व्हर रंगाची मारुती झेन आज कोल्हापुरात फुलेवाडीतल्या आमच्या शेडमध्ये आणून लावली. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून अनेक वर्षे पाझरलेले ऑइल आणि गगनबावड्याच्या रस्त्यावरची तांबडी माती यांचा मिळून इंजिनभोवती जो काळपट लेप बसला होता, तो पॅकिंग बदलल्यानंतर एका वॉशिंग सेंटरमध्ये डिग्रीझर मारून काढून टाकण्यात आला. लेप गेला, पण त्याखालचा रंग ठिकठिकाणी डागाळलेला निघाला. दाजींच्या मते बॉनेटखालचा सगळा पत्रा घासून एकदाच रंगवून टाकावा. इंजिन जागेवर ठेवून तसे करायचे म्हटले तर होज पाइप, वायरिंग आणि नट-बोल्ट यांच्यावर रंग उडतो. शिवाय डागाचे मूळ पत्र्याच्या सांध्यात दडलेले असेल, तर नवा रंगही काही महिन्यांत तिथूनच सुटतो. म्हणून आधी डागांची जात ओळखायची आणि मगच हातात काही घ्यायचे, असे ठरवले.

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली, टॉर्च तिरपा धरला आणि सगळा भाग सावकाश पाहिला. डाग एका प्रकारचे नाहीत, हे लगेच लक्षात आले. दोन्ही बाजूंच्या एप्रनवर, म्हणजे इंजिनाच्या कडेच्या आतल्या पत्र्यांवर, शॉकअपच्या माथ्याजवळच्या सांध्यापासून खालपर्यंत, पांढुरक्या रेषा ओघळल्या आहेत. केबिनकडच्या उभ्या पत्र्यावर कडा ठळक आणि मध्य फिका असे गोल ठिपके आहेत. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळ रंगावर पिवळट-तपकिरी झाक आहे, तर डाव्या एप्रनच्या सपाट भागावर तळहाताहून मोठा, चकाकी पूर्ण गेलेला करडा चट्टा आहे. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरखाली रंगाला सुरकुत्या पडून तो फुगला आहे. अल्टरनेटरची ॲल्युमिनियमची बॉडी काळवंडली आहे, पण तो रंगाचा विषय नव्हे, म्हणून ते काम शेवटी. प्रत्येक जागेशेजारी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर क्रमांक घातला आणि फोटो घेतले.

14 जानेवारी, मंगळवार

संक्रांतीची सुट्टी असल्याने वॉशिंग सेंटरमध्ये जाऊन चौकशी केली. तिथल्या मुलाने कोणतीही टाळाटाळ न करता डिग्रीझरचा कॅन दाखवला, याचे कौतुक वाटले. लेबलवर कॉस्टिक आणि मेटासिलिकेट असे दोन्ही घटक लिहिलेले असून एका भागास दहा भाग पाणी मिसळण्याची सूचना आहे. या गाडीवर ते पाणी न मिसळता मारले होते, कारण लेप फार जाड होता. गाडी गगनबावड्याहून, म्हणजे सुमारे 55 किलोमीटर चालून, थेट तिथे आली होती आणि दुपारच्या उन्हात बॉनेट उघडून लगेच फवारा मारण्यात आला. धुण्यासाठी बोअरचे पाणी वापरतात.

एवढ्या माहितीवरून बहुतेक डागांची संगती लागते. कॉस्टिक म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड तेल-ग्रीस तोडते, पण रंगाच्या थरालाही ते सोडत नाही, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की अशा रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. चालून आलेल्या गाडीच्या बॉनेटखाली पत्रा इतका तापलेला असतो की फवाऱ्यातले पाणी मिनिटभरात उडून जाते आणि द्रावण अधिकाधिक तीव्र होत जाऊन जागीच वाळते. सिलिकेट एकदा वाळले की ते नुसत्या पाण्याने निघत नाही. त्यावर बोअरचे जड पाणी पडले की कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार आपली वर्तुळे उठवतात. केबिनकडच्या पत्र्यावरचे गोल ठिपके या क्षारांचेच असणार.

19 जानेवारी, रविवार

आज ओल्या बोटाची परीक्षा घेतली. इंजिन पूर्ण थंड असताना प्रत्येक क्रमांकाच्या जागेवर स्वच्छ पाण्याचा बोळा फिरवून, ओले असताना डाग दिसतो का आणि वाळल्यावर परततो का, हे पाहायचे. ओले असताना डाग नाहीसा होऊन वाळल्यावर पुन्हा दिसू लागला, तर तो पृष्ठभागावरचा थर आहे किंवा पृष्ठभाग खरखरीत झाला आहे, कारण पाणी त्या बारीक खळग्यांत भरते आणि उजेड विखुरला जात नाही. ओले असतानाही डाग तसाच दिसला, तर रंगातच बदल झाला आहे आणि तिथे धुऊन काही साधणार नाही. पांढऱ्या रेषा आणि गोल ठिपके ओले होताच गायब झाले. पिवळट झाक थोडी फिकी झाली, पण गेली नाही. करडा चट्टा ओला केल्यावर जरा गडद झाला, पण त्याची हद्द स्पष्ट दिसत राहिली. सुरकुतलेल्या जागेची परीक्षा घेण्याची गरजच नव्हती.

त्यानंतर अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, इग्निशनचे कनेक्टर आणि एअर फिल्टरचे तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधून न्यूट्रल शाम्पूने सगळा भाग हाताने धुतला. प्रेशर पंप मुद्दाम वापरला नाही. एवढ्या जुन्या गाडीच्या कनेक्टरमधली रबरे कडक झालेली असतात आणि जोराचे पाणी आत शिरले की वेगळाच खेळ सुरू होतो. पाणी महापालिकेच्या नळाचे वापरले. रेषांचा बराचसा भाग धुण्यातच निघाला. गोल ठिपक्यांवर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून त्यात भिजवलेले कापड मिनिटभर चिकटवून ठेवले. व्हिनेगरमधले ॲसिटिक ॲसिड मुळात चार-पाच टक्केच असते आणि पाणी मिसळल्यावर त्याच्या निम्मे, त्यामुळे रंगाला धोका नाही, पण उघड्या लोखंडावर ते राहू देऊ नये. कापड काढले तेव्हा ठिपक्यांच्या कडा विरघळलेल्या होत्या. ज्या दोन-तीन ठिकाणी कडा राहिल्या, तिथे बोट फिरवल्यावर अजून खर लागते. ती सिलिकेटची असणार, ॲसिड तिला दाद देत नाही. शेवटी बॅटरीच्या दुकानातून आणलेल्या डिस्टिल्ड वॉटरने खंगाळले. या पाण्यात क्षार नसल्याने वाळल्यावर मागे काही उरत नाही.

संध्याकाळी पत्रा वाळल्यावर दोन्ही एप्रन अगदी स्वच्छ दिसत होते.

23 जानेवारी, गुरुवार

दाजींनी दरम्यान गाडी राधानगरीला नेऊन आणली. आज बॉनेट उघडून पाहतो तर पांढऱ्या रेषा परत आल्या होत्या, आणि त्या नेमक्या जुन्याच जागी, शॉकअपच्या माथ्याजवळच्या सांध्यापासून खाली. रविवारी त्या जागा मी नखाने खरवडून पाहिल्या होत्या; तिथे तेव्हा काही शिल्लक नव्हते. म्हणजे हा पदार्थ वर उरलेला नव्हता, आतून येत होता.

पत्र्याचे दोन तुकडे जिथे एकावर एक बसवून स्पॉट वेल्डिंग केलेले असते, तिथे त्यांच्यामध्ये केसाएवढी फट राहते. कारखान्यात तिच्या तोंडावर सीलंट भरतात, पण वीस वर्षांत ते तडकते. डिग्रीझर अशा फटीत शिरला की वरून कितीही धुतले तरी आतला थेंब हलत नाही. गाडी चालून बॉनेटखालचा पत्रा तापला की तो थेंब बाहेर सरकतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून त्यातल्या कॉस्टिकचा धुण्याचा सोडा होतो आणि वाळून पांढरी रेघ उमटते. हे खरे असेल, तर फटीतून येणारा ओलावा अल्कलीधर्मी असायला हवा, आणि ते तपासायला प्रयोगशाळेची गरज नाही. हळद आणि चुना एकत्र आले की लाल होतात, हे घराघरांत माहीत आहे. टिपकागदाच्या पट्ट्या हळदीच्या दाट पाण्यात बुडवून सावलीत वाळवल्या.

सांध्यावर डिस्टिल्ड वॉटरचे थेंब सोडले, ते फटीत मुरू दिले आणि मग पिवळी पट्टी फटीच्या तोंडाशी दाबून धरली. पट्टीच्या खालच्या कडेला आधी गंजासारखा एक ठिपका उमटला, तो कागदाच्या धाग्यांतून वर चढत गेला आणि थोड्याच वेळात बोटाच्या पेराएवढा भाग लाल-तपकिरी झाला. खात्रीसाठी दुसरी पट्टी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये आणि तिसरी नळाच्या पाण्यात बुडवली. दोन्ही पिवळ्याच राहिल्या. साबणाच्या पाण्यानेही हळद लाल होते, म्हणून रविवारी साध्या साबणाऐवजी न्यूट्रल शाम्पू वापरला होता, याचा इथे उपयोग झाला. उजव्या एप्रनचा सांधा, डाव्या एप्रनचा सांधा आणि केबिनकडच्या पत्र्याची खालची दुमड, अशा तिन्ही ठिकाणी पट्टी लाल झाली. बॅटरीच्या ट्रेजवळ मात्र पिवळीच राहिली.

हे आताच उघड झाले, ही एक परीने सोयच झाली. दाजींच्या म्हणण्याप्रमाणे त्या सांध्यांवर नवा रंग चढवला असता, तर आतल्या अल्कलीने तो खालून सोडवला असता.

26 जानेवारी, रविवार

आजचा सगळा वेळ सांधे धुण्यात गेला. पत्रा गार असताना फटींवर कोमट पाणी बारीक नळीने सोडत राहायचे, कॉम्प्रेसरच्या कमी दाबाच्या हवेने ते फटीतून फुंकून काढायचे, पुन्हा पाणी सोडायचे, असा क्रम ठेवला. हवा मारल्यावर फटीच्या दुसऱ्या टोकाकडून सुरुवातीला जे पाणी उडाले, ते बोटांना साबणासारखे गुळगुळीत लागत होते. अल्कलीची ही खूण आहे, पण ती बोटांनी तपासू नये. मी हातमोजा काढून पाहिले आणि लगेच हात धुतले. डोळ्यांवर चष्मा मात्र पूर्ण वेळ होता, कारण फटीतून उडणारा थेंब कोणत्या दिशेने येईल हे सांगता येत नाही.

पट्टीचा लाल रंग फिका होत गेल्यावर एकदा पातळ केलेले व्हिनेगर सोडले. ते अल्कलीचा उरलेला अंश मारते. त्यानंतर पुन्हा भरपूर पाणी, कारण ॲसिड फटीतल्या उघड्या लोखंडावर राहिले तर तिथे गंज धरतो. शेवटी डिस्टिल्ड वॉटर आणि बराच वेळ हवा. बॉनेट उघडे ठेवून गाडी दुपारभर उन्हात उभी केली. संध्याकाळी तिन्ही सांध्यांवर नव्या पट्ट्या लावल्या, त्या पिवळ्याच राहिल्या. दाजींना गाडी दिली आणि रोजच्यासारखी चालवायला सांगितली. फटींची तोंडे आत्ताच सीलंटने बंद करायची नाहीत. काही उरले असेल तर ते बाहेर यायला वाट हवी.

2 फेब्रुवारी, रविवार

रेषा परत आलेल्या नाहीत आणि पट्ट्याही पिवळ्या आहेत. आता रंगावर हात लावायला हरकत नाही.

पिवळट-तपकिरी झाक म्हणजे उष्णतेने भाजून वार्निशसारखे झालेले जुने इंजिन ऑइल. डिग्रीझरने वरचा लेप काढला, पण रंगाला चिकटलेला हा पातळ पापुद्रा तसाच राहिला. यासाठी तीव्र थिनरकडे वळण्याची गरज नसते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवलेले बनियनचे कापड त्या जागेवर दहा मिनिटे ठेवले आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने अलगद ओढले, तर मधासारखा चिकट थर कार्डावर जमा झाला. कापड होज पाइपला लागू नये म्हणून मध्ये पुठ्ठा घातला होता, कारण कूलंटच्या होजमधले रबर पेट्रोलियम तेलाने फुगते. या कारणासाठी रॉकेलने इंजिन धुण्याची जुनी पद्धतही मला पसंत नाही, ती स्वस्त असली तरी.

सिलिकेटच्या उरलेल्या कडा क्ले बारने, म्हणजे रंगावरची खर उचलणाऱ्या मातीसारख्या वडीने, काढल्या. क्ले बारखाली भरपूर शाम्पूचे पाणी असावे लागते, नाहीतर तो चिकटतो आणि स्वतःचा नवा डाग सोडतो.

करड्या चट्ट्याबाबत मात्र निराशाच हाती आली. उद्यमनगरातल्या ओळखीच्या पेंटरकडून रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र मागून आणले होते. बॉनेटच्या बाहेरच्या बाजूला 110 मायक्रॉनच्या आसपास जाडी भरली, तर एप्रनवर 60 ते 70. बॉनेटखालचा भाग डोळ्यांसमोर नसल्यामुळे गाड्या बनवणारे तिथे रंग पातळ मारतात आणि कित्येकदा वरचा पारदर्शक क्लिअर कोट देतच नाहीत. तो इथे आहे की नाही, हे पाहण्यासाठी चट्ट्यापासून दूर, चांगल्या दिसणाऱ्या कोपऱ्यात पांढऱ्या कापडाला बारीक कंपाउंड लावून थोडे घासले. कापड करडे-चंदेरी झाले. क्लिअर कोट असता तर कापड पांढरेच राहिले असते. रंग थेट कापडावर उतरला, याचा अर्थ वर संरक्षक थर नाही.

चट्ट्याचे कारणही मग उलगडते. सिल्व्हर रंगाची चकाकी ही त्यात मिसळलेल्या ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्यांची असते, आणि ॲल्युमिनियमला कॉस्टिक खाते, त्यातून हायड्रोजन सुटतो आणि धातूची चकाकी नाहीशी होते. बाहेरच्या रंगावर क्लिअर कोट असल्यामुळे या चकत्या झाकलेल्या असतात, इथे त्या उघड्याच होत्या आणि सपाट जागेवर डिग्रीझर साचून राहिला. खरखरीतपणा थोडा कमी व्हावा म्हणून चट्ट्याच्या कडेला हाताने पॉलिश केले, तेव्हा कडा मऊ झाली, पण रंग परतला नाही, आणि परतणारही नाही. साठ मायक्रॉनच्या थरावर 2000 नंबरच्या वॉटर पेपरने घासून पाहण्याचा मोह आवरला, कारण तेवढ्याने काही मायक्रॉन सहज जातात आणि हाती काही लागत नाही. मशीन तर या कोपऱ्यांत नकोच.

6 फेब्रुवारी, गुरुवार

मास्टर सिलिंडरखालचा सुरकुतलेला रंग आज नीट पाहिला. हा डाग डिग्रीझरचा नाही. सिलिंडर आणि त्यावरची ब्रेक ऑइलची बाटली यांमधल्या रबरी बुशाभोवती ओल होती. डॉट 3 आणि डॉट 4 जातीचे ब्रेक ऑइल ग्लायकॉल ईथरवर आधारलेले असते आणि ते रंग अक्षरशः मऊ करून उचलते. इतकी वर्षे ती जागा मळाच्या लेपाखाली झाकलेली होती, धुतल्यामुळे ती नजरेस आली एवढेच. वॉशिंग सेंटरवर याचा दोष टाकता येणार नाही, असे दाजींना मुद्दाम सांगितले. ब्रेकशी संबंधित गोष्ट असल्यामुळे ती डागांच्या आधी. बुश मेकॅनिककडून बदलून घेतले, ऑइल भरून ब्रेकमधली हवा काढून घेतली आणि बाटलीवर पातळीची रेघ मार्करने आखून ठेवली. पत्र्यावरचे ब्रेक ऑइल पाण्यात मिसळते, त्यामुळे तो भाग ओल्या कापडाने आणि पाण्याने पुरेसा साफ होतो.

8 फेब्रुवारी, शनिवार

गाडी उद्यमनगरात पेंटरमामांना दाखवली. घरी फवारा मारण्याचा विचार मी आधीच सोडला होता. फुलेवाडीच्या पलीकडे उसाची तोड चालू आहे, संध्याकाळी कुठल्या तरी फडात पाचट पेटते आणि काळी काजळी तरंगत येऊन वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. ओल्या रंगावर ती बसली तर विचारायलाच नको.

मामांनी करडा चट्टा आणि सुरकुतलेली जागा पाहिली, थिनरमध्ये बुडवलेला कापूस एप्रनवर थोडा वेळ दाबून धरला आणि कापूस स्वच्छ निघाल्यावर मान डोलावली. कारखान्यात भट्टीत भाजलेला रंग थिनरने सुटत नाही, नंतर कोणी साधा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारलेला असता तर कापसावर उतरला असता. म्हणजे वर नवा रंग धरेल. मी विचारले, "मामा, एवढ्याशा जागेला ब्रशने टचिंग केलं तर चालेल का?" त्यावर ते म्हणाले, "सिल्व्हरला ब्रश लावू नका साहेब. लावला की काळा दिसतोय बघा."

त्यांचे म्हणणे बरोबर आहे. फवाऱ्यात ॲल्युमिनियमच्या चकत्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या बसतात आणि उजेड परत फेकतात. ब्रशने ओढल्या की त्या वाटेल तशा उभ्या-तिरप्या राहतात आणि तोच रंग गडद दिसतो. फवाऱ्यातही दाब कमी-जास्त झाला किंवा कोट फार ओला पडला तर छटा बदलते, म्हणून रंगाचा कोड तंतोतंत जुळला तरी सिल्व्हर जुळतोच असे नाही. मामा टू-के रंग सुचवतात, म्हणजे बेस आणि त्यावर हार्डनर मिसळलेला क्लिअर. एनसी रंग स्वस्त पडतो, पण पेट्रोल किंवा ब्रेक ऑइलचा थेंब पडला की तो विरघळतो, तेव्हा बॉनेटखाली त्याला अर्थ नाही.

16 फेब्रुवारी, रविवार

पूर्वतयारी घरी करून घ्यायची आणि फवारा मामांनी मारायचा, असे ठरले आहे. मास्टर सिलिंडरखालचा सैल रंग पटाशीने काढला, पापुद्रे सहज सुटले आणि खाली नाण्याएवढ्या जागेत गंज निघाला. तो 320 नंबरच्या पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासला, खोलगट ठिपक्यांवर फॉस्फोरिक ॲसिडचे रस्ट कन्व्हर्टर लावले आणि वाळल्यावर पुसले. कडा 400 आणि मग 600 नंबरने उतरत्या केल्या. बोटाला पायरी लागता कामा नये, कारण सिल्व्हरखाली पायरी सर्वांत आधी दिसते. करड्या चट्ट्यावर लोखंडापर्यंत जाण्याची गरज नव्हती, खालचा प्रायमर शाबूत आहे. तिथे फक्त 600 नंबरने ओले घासून पकड तयार केली. उघड्या लोखंडावर इपॉक्सी प्रायमर दिला. लांबी भरण्याइतका खड्डा कुठेच नव्हता, ही जमेची बाजू.

22 फेब्रुवारी, शनिवार

रंगाचा कोड गाडीवरच्या प्लेटवरून घेऊन बेस मिक्सिंगच्या दुकानातून तयार करून आणला होता. मामांनी आधी जुन्या पत्र्याच्या तुकड्यावर तीन वेगवेगळ्या दाबांनी नमुना मारला, तिन्ही नमुने एप्रनच्या चांगल्या भागाशेजारी धरले आणि मधला पसंत केला. मग शेडमधल्या जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवली. इंजिन, होज आणि वायरिंग जुन्या वर्तमानपत्रांनी आणि टेपने इतके झाकले होते की गाडी ओळखू येत नव्हती.

बेसचे पातळ कोट मारून प्रत्येक कोटानंतर तो मॅट होईपर्यंत थांबले, शेवटचा कोट बंदूक जरा लांब धरून जवळजवळ कोरडा मारला, त्यामुळे नव्या-जुन्या रंगाची सीमा विरून गेली. त्यावर क्लिअर, दोनास एक या प्रमाणात हार्डनर मिसळून. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्याचा फवारा फुप्फुसांना कायमचा अपाय करू शकतो. मामांकडे फिल्टरच्या काडतुसांचा मास्क आहे, पण त्यांचा मदतनीस नाकाला रुमाल बांधून उभा राहतो. मी त्याला बाहेर थांबायला सांगितले, आणि मामांनाही ते बोललो. रुमालाने धूळ अडते, वाफ अडत नाही.

फेब्रुवारीतली कोरडी हवा या कामाला उत्तम. पावसाळ्यात कोल्हापूरच्या दमट हवेत हेच काम केले असते तर रंगावर पांढरी बुरशी आल्यासारखी झाक चढण्याची भीती असते.

2 मार्च, रविवार

अल्टरनेटरच्या बॉडीवरचे काळसर डाग उघड्या ॲल्युमिनियमवर कॉस्टिक पडल्याने आलेले आहेत. तिथे नायलॉनच्या ब्रशने आणि बारीक स्कॉच पॅडने जेवढे निघाले तेवढे काढले. ॲल्युमिनियम उजळवणारी ॲसिडे बाजारात मिळतात, पण त्यातल्या काहींत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असते आणि ते घरच्या शेडमध्ये आणण्याची वस्तू नाही. डाग राहिला आहे. अल्टरनेटर वीज देतो तेवढे पुरे.

सांध्यांच्या पट्ट्या पुन्हा तपासल्या, पिवळ्याच राहिल्या. आज फटींची तोंडे सीम सीलंटने बंद केली आणि आतल्या पोकळ भागांत गंज रोखणारे कॅव्हिटी वॅक्स मारले.

16 मार्च, रविवार

दाजींनी गाडी गगनबावड्याला नेऊन आणल्यावर तपासणी केली. ब्रेक ऑइलची पातळी आखलेल्या रेघेवरच आहे. रंगवलेला भाग उजेडात किंचित जास्त उजळ दिसतो, कारण त्यावर क्लिअर आहे आणि शेजारच्या मूळ रंगावर नाही. टॉर्चशिवाय हा फरक कळत नाही. बॅटरीच्या ट्रेमागे एक लहान करडी जागा रंगवलेली नाही. बॅटरी बसवल्यावर ती झाकली जाते आणि तिथला थर शाबूत आहे.

पुढच्या वेळी धुताना काय करायचे, हे दाजींनी विचारले तेव्हा त्यांना सांगितले की इंजिन हात लावता येईल इतके गार हवे, गाडी सावलीत हवी, डिग्रीझर लेबलवर लिहिलेल्या प्रमाणात पातळ केलेला हवा आणि तो वाळण्याआधी नळाच्या पाण्याने उतरवायला हवा. ते म्हणाले, "म्हणजे घरीच धुवायची म्हणा की." ऑइलची गळती थांबलेली असल्याने वर्षातून एकदा ओले कापड आणि शाम्पू एवढ्यावर भागायला हरकत नाही.

मामांनी उरलेला बेस दिला आहे. हार्डनर न मिसळलेला असल्यामुळे तो टिकेल. डब्याचे झाकण टेपने बंद करून त्यावर रंगाचा कोड, पसंत पडलेल्या नमुन्याचा दाब आणि महिना लिहून ठेवला आहे. उरलेले क्लिअर मात्र त्याच दिवशी डब्यात घट्ट झाले होते, ते टाकून दिले.